पाटी गेलेला लेथ

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ज्या यंत्राला भेटायला गेलो होतो, त्याच्यासमोरून मी दोनदा न ओळखता पुढे गेलो. हेन्री मॉड्सलेचा आटे पाडायचा लेथ. लेथांचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव ऐकत आलो, तो टेबलावर मावेल एवढाच निघाला. त्रिकोणी छेदाच्या दोन दांड्या, त्यांवर सरकणारं हत्यार धरायचं खोगीर, सोबतीला लांब लीडस्क्रू आणि एका टोकाला दातेरी चाकं. आमच्या उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरला इथे आणून उभं केलं, तर कुणी न सांगता तो हे यंत्र चालवायला घेईल.

मॉड्सलेच्या आधी लेथ नव्हते असं नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं कातली जातात, तसं लाकूड आणि हस्तिदंत जगभर कातलं जात होतं. पण हत्यार कारागिराच्या मुठीत असे, आणि हात थरथरला की काम बिघडे. बोल्ट ज्याच्या त्याच्या हाताचा, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. सरकतं खोगीर, लीडस्क्रू, बदलायची चाकं हे सुटे सुटे शोध मॉड्सलेच्या आधीच लागलेले होते. त्याने ते धातूच्या एका भक्कम सांगाड्यात एकमेकांना जोडले आणि हत्यार माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या हातात दिलं. त्याच्या कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं माप ठरवून द्यायचा प्रस्ताव मांडला : कोन पंचावन्न अंशांचा आणि प्रत्येक जाडीला इंचात ठरलेले आटे. हा पंचावन्नचा आकडा पुढे माझ्या फार उपयोगी पडणार होता.

यंत्राचं साल सांगतात ते मात्र 'सुमारे १८००'. हा 'सुमारे' वाचून मला बरं वाटलं, कारण मी निघालो होतो तोच एका 'सुमारे'च्या शोधात.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे. आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, तो मुंबईच्या एका लिलावात घेतला. हेडस्टॉकवर चार बारीक भोकं आहेत. तिथे कधीकाळी पितळी पाटी होती. ती कुणी काढली, कधी काढली, कुणाला ठाऊक नाही. वर्कशॉपमध्ये त्याचं नाव एकच : 'विलायती'. इंग्लंडला जायचा योग आला तेव्हा मी त्याचे चाळीसेक फोटो काढले, मापं वहीत लिहिली आणि ठरवलं, की जिथे लेथ जन्मले त्या गावांतून जायचं आणि विचारत सुटायचं.

पहिला मुक्काम कोलचेस्टर. लंडनहून ईशान्येला, एसेक्सच्या सपाट शेतांमधून गाडी तासाभरात पोचते. रोमनांनी वसवलेलं गाव, त्यांचा तट अजून उभा. सोळाव्या शतकात फ्लेमिश विणकर इथे येऊन राहिले. त्यांच्या वस्तीला आजही 'डच क्वार्टर' म्हणतात. कोल्न नदीकाठच्या हाइद भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेथचा कारखाना उभा राहिला आणि या गावाचं नाव जगभरच्या तंत्रशाळांत पोचलं. स्टुडंट, मास्टर, ट्रायम्फ, मॅस्कॉट अशी त्यांची मॉडेलं. 'स्टुडंट' नावाप्रमाणेच शाळा-कॉलेजांत गेला.

इथे माझा पहिला भ्रम फिटला. मला वाटत होतं, मॉडेलचं नाव कळलं की वय कळलं. पण 'स्टुडंट' हे नाव दशकानुदशकं चाललं आणि त्या नावाखाली यंत्र बदलत राहिलं. जुन्या स्टुडंटच्या हेडस्टॉकच्या कडा गोलसर, नंतरच्याच्या चौकोनी. लेथवाले त्यांना सरळ 'गोल डोक्याचा' आणि 'चौकोनी डोक्याचा' म्हणतात. नाव सांगतं घराणं. पिढी कळते ती चेहऱ्यावरून.

आणखी एक गंमत इथेच कळली. १९५४ साली हा कारखाना ज्या ग्रुपने घेतला त्याचं नाव 'सिक्स हंड्रेड', म्हणजे सहाशे. कुठल्या सहाशे गोष्टी असाव्यात यावर मी बरीच डोकेफोड केली. उत्तर साधं होतं : मूळ पेढी जॉर्ज कोहेन यांची, भंगाराच्या व्यापारातली, आणि तिचा लंडनमधला पत्ता ६००, कमर्शियल रोड. भंगारवाल्याने लेथचा कारखाना विकत घेतला हे ऐकून काकांना फोनवर हसू आवरेना. "आपल्याकडं उलटं असतंय," ते म्हणाले.

कोलचेस्टरहून कोव्हेंट्री. हे शहर आधी रेशमी फितींचं, मग घड्याळांचं, मग सायकलींचं. सायकलने इथे लेथ आणला. एका सायकलीत कितीतरी गोल भाग एकसारखे लागतात : हब, अ‍ॅक्सल, कोन, नट. हजारो एकसारखे भाग करायचे तर एकामागून एक हत्यारं फिरून समोर येतील असा कॅप्स्टन लेथ हवा. आल्फ्रेड हर्बर्ट यांनी १८८८ च्या सुमाराला इथे धंदा सुरू केला आणि पुढे त्यांची कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्र-कारखान्यांपैकी एक झाली. १८८८ हे साल वाचताच मला बेळगाव आठवलं. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. तिथून नांगर, किर्लोस्करवाडी, आणि १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथ-कारखाना. दोन खंडांतली दोन गावं, पण वाट तीच : सायकल ते लेथ.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबवर्षावात कोव्हेंट्रीचं कॅथेड्रल जळालं. त्याच्या उघड्या भिंती तशाच ठेवल्यात. जवळच हर्बर्टांच्या देणगीतून झालेलं कलादालन आहे. कारखाना मात्र उरला नाही. १९८३ साली तो बंद पडला.

हर्बर्टांचं नाव कोलकात्यापर्यंत पोचलेलं, त्यामुळे भारतात जुन्या यंत्रांवर त्यांची पाटी सापडते. आणि इथेच दुसरा धडा मिळाला. हर्बर्ट स्वतः यंत्रं बनवत, तशी दुसऱ्यांची, अमेरिकेचीसुद्धा, विकतही. विकणारा आपली पाटी ठोकून मोकळा. म्हणजे पाटी असती तरी तिने निर्मात्याचं नाव सांगितलंच असतं असं नाही. कित्येकदा ती दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड असते.

तरी पाटीची वेगळी पारख आहे, ती मला कोव्हेंट्रीत भेटलेल्या एका निवृत्त टर्नरने शिकवली. पाटीवरचं नाव वाचू नका, पत्ता वाचा. तारेचा सांकेतिक पत्ता असेल तर यंत्र जुनं. पत्त्यात पोस्टकोड असेल तर यंत्र युद्धाआधीचं असूच शकत नाही, कारण ब्रिटनमध्ये पोस्टकोडचा पहिला प्रयोग १९५९ साली नॉरिचला झाला आणि देशभर तो १९७४ पर्यंत पोचला. आणि पाटीच नसेल तर? तो म्हणाला, पाने घेऊन बसा. जुन्या ब्रिटिश यंत्राच्या बोल्टला व्हिटवर्थचेच पाने बसतात. १९४८-४९ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून साठ अंशांचा युनिफाइड आटा ठरवला; १९६५ पासून ब्रिटन मिलिमीटरकडे वळू लागला. कुठला पाना चपखल बसतो त्यावरून दशक सांगता येतं. फक्त बोल्ट मूळचा हवा.

कोव्हेंट्रीहून नॉटिंगहॅमकडे जाताना वाटेत लफबरो लागतं. मी उतरलो ते गेऑर्ग श्लेसिंगर या नावासाठी. लेथ खरा आहे की नाही हे तपासायच्या कसोट्या याच माणसाने बांधून दिल्या : बेड किती सरळ, स्पिंडल किती थाऊ, म्हणजे इंचाचा कितवा हजारांश, डुलतो, टेलस्टॉक हेडस्टॉकच्या रेषेत आहे का. जुन्या चांगल्या लेथसोबत मिळणाऱ्या तपासणी-पत्रकाचं मूळ त्यांच्या १९२७ सालच्या पुस्तकात आहे. बर्लिनचे हे प्राध्यापक ज्यू होते. नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर झुरिक, ब्रसेल्स असं करत १९३९ मध्ये ते लफबरोच्या कॉलेजात आले. बर्लिनमध्ये जन्मलेली कसोटी या लहानशा गावातून ब्रिटनची यंत्रं तपासू लागली.

लफबरोत अनपेक्षित सापडली ती घंटांची ओतशाळा. टेलर नावाची ही ओतशाळा प्रचंड घंटा ओतते, आणि मला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे घंटेचा सूर लेथवर लावतात. घंटा उलटी करून उभ्या लेथवर फिरवायची आणि आतून धातूचा पातळ कीस काढत जायचं. एकेक थर उतरतो तसा सूर खाली येतो. जास्त उतरला तर परत चढवता येत नाही. टर्नरच्या हाताला कान असावा लागतो अशी ही एकच जागा असेल.

त्या घंटांवर साल ओतलेलं असतं, चांगलं ठळक. मग लेथवर का नसतं? विचार केला तेव्हा लक्षात आलं : घंटा एका मनोऱ्यासाठी, शंभर वर्षांच्या हिशेबाने ओतली जाते. लेथ गोदामात उभा राहून गिऱ्हाइकाची वाट बघतो. त्याच्यावर साल कोरलं, तर जानेवारी उजाडताच तो 'गेल्या वर्षीचा माल' ठरेल. कारखानदाराने साल लपवलं आणि नंबर दिला. साल त्याच्या वहीत, नंबर यंत्रावर.

बीस्टन हे नॉटिंगहॅमला लागून असलेलं गाव, लेसच्या गिरण्यांचं. छंदी कारागिरांचा लाडका मायफर्ड इथला. कंपनी १९३४ ची. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये आलेला त्यांचा एमएल-सेव्हन घरोघरच्या शेडमध्ये पोचला. छोटी वाफेची इंजिनं बनवणाऱ्या हौशी लोकांची एक पिढी त्यावर वाढली. पुढे पन्नाशीच्या दशकात सुपर-सेव्हन आला. दोन्ही साडेतीन इंची, लांबून जुळे भाऊ. ओळखायचं हेडस्टॉकवरून : सेव्हनच्या बेअरिंगवर बोल्टने आवळलेल्या टोप्या दिसतात आणि आत व्हाइट मेटल, सुपर-सेव्हनला टोप्या नाहीत, पुढे ब्राँझचा निमुळता बुश. २०११ मध्ये कंपनी बंद झाली, नाव दुसऱ्यांनी घेतलं, आणि बीस्टनमध्ये आता तो कारखाना नाही.

मायफर्डचा नंबर बेडवर असतो. कोलचेस्टरचाही बेडवरच. याला कारण आहे. लेथचं बाकी सगळं बदलता येतं. चक, मोटर, टूलपोस्ट तर जातातच; हेडस्टॉकसुद्धा उचलून दुसरा बसवता येतो. बेड मात्र बिडाचं एकसंध ओतकाम. चांगल्या ओतशाळा ते ओतून महिनोन्‌महिने उघड्यावर ऊन-पावसात ठेवत, म्हणजे त्यातला ताण निघून जाई, आणि मगच त्यावर काम करत. बेड बदलला म्हणजे लेथच बदलला. म्हणून जन्मखूण त्याच्यावर, आणि तीही सहसा टेलस्टॉकच्या टोकाला, जिथे कुणी बघत नाही आणि जिथे रंगाचे थर सर्वांत जाड चढतात.

पेनाइन डोंगर चढून हॅलिफॅक्सला पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. दगडी घरं गिरण्यांच्या धुराने काळवंडलेली, उतारावर एकमेकांच्या खांद्यावर उभी. गावाच्या मध्यभागी १७७९ चा पीस हॉल : मोठा चौक आणि भोवती तीनशेहून जास्त खोल्यांच्या माड्या. घरोघर विणलेले लोकरी कापडाचे तागे, म्हणजे 'पीस', इथे विकायला येत. मग पाण्यावर आणि वाफेवर चालणारे माग आले. माग मोडले की दुरुस्त करणारे लागले. दुरुस्त करणाऱ्यांना लेथ लागले. आणि त्यांतल्या काहींनी लेथच बनवायला घेतले. कोव्हेंट्रीच्या फिती, नॉटिंगहॅमची लेस, हॅलिफॅक्सची लोकर. जिथे आधी सूत होतं तिथे मागाहून लोखंड आलं. आमच्या कोल्हापुरात उसाने तेच केलं. गुऱ्हाळाचे चरक आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता उद्यमनगर उभं राहिलं.

इथल्या बॉक्स ट्री मिल या गिरणीत डेनफर्ड मंडळी लेथ बनवू लागली आणि दोन्ही नावं मिळून 'बॉक्सफर्ड' झालं. पण बॉक्सफर्डचा नमुना हॅलिफॅक्सचा नव्हे. तो अटलांटिकपलीकडचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा. ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ साली तिथे काढलेल्या कारखान्याचा नऊ इंची लेथ जगभर इतका चालला, की अनेक देशांत त्याच्या प्रतिकृती झाल्या. बॉक्सफर्ड ही त्यांतली नावाजलेली.

जुन्या यंत्रांची नीट देखभाल करणाऱ्या एका आजोबांसमोर मी फोटो ठेवले. त्यांनी आधी बेड पाहिला : तीन उलटे व्ही आणि एक सपाट पट्टी. "साउथ बेंडचं घराणं," ते म्हणाले. मी वही उघडून म्हटलं, पण साउथ बेंड नऊ इंची आणि आमचा साडेचार. ते हसले. अमेरिकन माणूस लेथवर किती व्यासाचा जॉब फिरेल ते सांगतो. ब्रिटिश माणूस बेडपासून सेंटरची उंची सांगतो. नऊ आणि साडेचार एकच. मला आपला एचएमटी आठवला : त्यांच्या एच-ट्वेंटीटूमधला बावीस म्हणजे सेंटरची उंची बावीस सेंटिमीटर. लहानपणापासून ते नाव ऐकलं होतं, अर्थ कळला हॅलिफॅक्सला.

मग राहिला प्रश्न अमेरिकेचा की इथला. त्याचा निकाल काकांनी लावायचा होता. फोन लावला. कोल्हापुरात संध्याकाळ झालेली. काकांनी बाकाच्या खणातून आटे मोजायचा गेज काढला आणि मूळचा वाटणारा एक बोल्ट सोडवून त्याला लावला. अमेरिकन असता तर साठची पात जुळली असती. "पंचावन्न," काका म्हणाले. मग मी सांगितलं तसं त्यांनी टेलस्टॉककडचं बेडचं टोक रॉकेलने भिजवलं आणि ब्लेडने रंग खरवडायला घेतला. हिरवा थर गेला, खाली निळा, त्याच्याखाली राखाडी, आणि मग बिडात ठोकलेले आकडे. हॅलिफॅक्सच्या आजोबांनी ते लिहून घेतले. कारखान्याची वही समोर नसली तरी आटे, ओतकामाची घडण आणि नंबर मिळून ते एवढं बोलले : युद्धानंतरचा, आणि मिलिमीटरच्या आधीचा. म्हणजे १९४६ ते १९६५ च्या मधला. पुन्हा 'सुमारे'च, पण आता त्याला दोन्हीकडून कुंपण होतं.

मॉडेल सोपं, असं मला वाटलं. साउथ बेंडची आणि तीच बॉक्सफर्डची वर्गवारी अशी : 'ए'ला गिअरबॉक्स आणि आडवी ऑटो फीड दोन्ही, 'बी'ला ऑटो फीड आहे, गिअरबॉक्स नाही, 'सी'ला दोन्ही नाही. आमच्या विलायतीला आटे पाडताना चाकं हाताने बदलावी लागतात, पण आडवी फीड आहे. म्हणजे 'बी'. मी वहीत लिहून टाकलं. आजोबा मात्र एका फोटोवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, घरी गेलात की हेडस्टॉकच्या खाली, बेडच्या पुढच्या अंगावर हात फिरवा.

कोल्हापूरला आलो आणि पिशवी ठेवून आधी वर्कशॉप गाठलं. बेडच्या त्या भागावर बोट फिरवलं. रंगाखाली गोल कडा लागल्या. भोकं होती, बुजवलेली. आत आटे पाडून मळसूत्राचे तुकडे बसवलेले आणि वरून घासून सपाट केलेलं. इतकं सफाईदार, की पन्नास वर्षं कुणाला दिसलं नाही.

"ते व्हय," काका म्हणाले. "गिअरबॉक्स हुती की तिथं. दात तुटलं. स्पेअर कुठनं आणायचं? आबांनी काढून ठेवली आणि चेंज गिअरची चाकं हितंच ओतून घेतली. भोकातनं कीस आत जातोय म्हणून बुजवली."

म्हणजे 'ए' म्हणून जन्मलेला, कोल्हापुरात 'बी' झालेला. चाकं उद्यमनगरातल्या ओतशाळेची. आणि क्रॉस स्लाइडचा स्क्रू? तो झिजला तेव्हा नवा याच लेथवर कातला, आणि त्याच्या जागी बसवला. मॉड्सलेच्या त्या छोट्या यंत्रातला गुण हाच होता : लेथ स्वतःचे भाग स्वतः करू शकतो. म्हणून त्याचं वय सांगणं एवढं अवघड. तो थोडा थोडा नवा होत राहतो.

मी हौसेने म्हटलं, पितळी पाटी करून घेऊ, चार भोकं तयारच आहेत. नाव, मॉडेल, साल.

काकांनी चकात जॉब धरला, आवळला, आणि बटणावर हात ठेवून म्हणाले, "काय लिवणार त्यावर? बेड हॅलिफॅक्सचा, चाकं कोल्हापूरची, स्क्रू त्याचा त्यानंच केलेला. एवढं मावंल तरी का?" आणि त्यांनी विलायती चालू केला.